मरायला आलेली सकवार

फार वर्षांपूर्वी, घाटात अजून गाडीवाट नव्हती आणि मीठसुद्धा बैलाच्या पाठीवरून वर यायचं, तेव्हाची ही गोष्ट. डोंगराच्या माथ्याला चिकटून कारवट नावाचं गाव होतं. आजही आहे. तिथे पाऊस पडतो म्हणजे पडतोच. ज्येष्ठात सुरू झाला की नवरात्रापर्यंत सूर्याचं तोंड दिसायची बोली नाही. तशा पावसात तगायचं तर घर घट्ट हवं. म्हणून कारवटची घरं कारवीच्या कुडाची, शेणामातीनं लिंपलेली, आणि वर गवताचं जाड छप्पर. ते छप्पर इतकं खाली उतरलेलं, की आत शिरताना गावच्या पाटलालाही मान वाकवावी लागे. खिडकीचं तर नावच नको. एक दार, आणि पावसाळ्यात त्यालाही पोती लावलेली.

घराच्या मधोमध चूल. पावसाळाभर ती विझू द्यायची नाही असा रिवाज होता. लाकडं ओली, गोवऱ्या सादळलेल्या, त्यामुळे जाळ थोडा आणि धूर फार. पण धुराला कारवटात कोणी नावं ठेवत नसे. धुरामुळे छपराचं गवत कुजत नाही, आढ्याला टांगलेल्या बियाण्याच्या कणसांना कीड लागत नाही, भिजलेली घोंगडी वाळतात. धूर म्हणजे घरातली लक्ष्मी, असं म्हणत. सोयरीक जमवायला आलेली माणसं आधी मान वर करून छपराचं आढं बघायची. आढं जितकं काळं, तितकं घर जुनं आणि खाऊनपिऊन सुखी. "आढं बघून पोरगी द्यावी. नवरा काय, हुतोय हळूहळू शाना," असं तिथल्या म्हाताऱ्या सांगायच्या.

आता धूर जर लक्ष्मी, तर पाळणा कुठे बांधायचा? चुलीजवळच. तेवढीच जागा कोरडी आणि उबदार. ओल्या बाळंतिणीला वारा लागू नये म्हणून दाराच्या फटीसुद्धा चिंध्या कोंबून बुजवत. मग आषाढ-श्रावणात पोरांना भाता लागे. भाता म्हणजे काय, तर लोहाराच्या भात्यासारखं पोराचं पोट वरखाली व्हायचं, बरगड्या आत ओढल्या जायच्या, नाकपुड्या फुलायच्या आणि छातीत घुरघुर वाजायची. भाता लागला की उपाय ठरलेला होता. पाळणा चुलीच्या आणखी जवळ न्यायचा, आणि विस्तवावर ओवा, बाळंतशेपा, निंबाचा पाला टाकून पोराला धुरी द्यायची. पोर जगलं तर धुरीनं जगलं. मेलं तर पावसानं आपला वाटा नेला. म्हणून पहिला पावसाळा पार पडेपर्यंत कारवटात पोराचं नाव ठेवत नसत. नाव ठेवलेलं पोर गेलं की जास्त दुखतं, एवढं त्यांना कळत होतं.

या गावात मरणाचेही नियम होते, आणि ते जगण्याच्या नियमांपेक्षा कडक होते. माणसाला घरघर लागली की चुलीवरच्या छपरात, आढ्याच्या अंगाला, गवत फाकवून हातभर वाट उघडायची. बंद घरातून जीव जाणार कुठून? वाट नसली तर तो आढ्याला लटकून राहतो, असं म्हणत. एकदा उघडलेली वाट त्या माणसाचा दहावा होईपर्यंत बुजवायची नाही. आधीच बुजवली तर जीव घरात कोंडतो आणि सगळ्या घराला भोवतो. शिवाय आणखी एक नियम होता. 'मी मरायला आलोय' म्हणून जो दारात उभा राहील, त्याला माघारी पाठवायचं नाही. मग तो वाटसरू असो की सात पिढ्यांचा वैरी असो, त्याला चुलीपाशी जागा द्यायची. घाटातला पाऊस कुणाला कुठे गाठेल याचा नेम नसतो, त्यामुळे हा नियम सगळ्यांच्याच सोयीचा होता.

वाट उघडायचं काम गावात एकाच घराकडे होतं. त्यांना वाटसोडे म्हणत. त्या घरातला म्हादू वाटसोडा एका पावसाळ्यात ओल्या छपरावरून घसरला आणि खाली आपटला. त्याला घरी आणलं तेव्हा घरघर लागली होती. आता वाटसोड्याचीच वाट कोण उघडणार? मुलगा नव्हता, एक लहान मुलगी तेवढी होती. तेव्हा त्याची बायको उठली, तिनं पदर खोचला आणि शिडी लावून ती छपरावर चढली. तीच सकवार. बाईमाणूस छपरावर चढलं म्हणून गाव कुजबुजलं. पण कुजबुजणाऱ्यांतला एकही जण वर चढायला तयार नव्हता, तेव्हा कुजबुज आपोआप थांबली आणि सकवार वाटसोडी झाली.

वाटसोडीला बारशाला कोणी बोलवत नसे. ती शिडी घेऊन निघाली की आया आपली पोरं आत ओढून घेत. सकवारीनं त्याचं फार मनावर घेतलं नाही. "पळा, पळा," म्हणायची, "शेवटाला समदी माज्याच हाताखाली यायची हायसा." जिभेनं तिखट, कामाला चोख. वाटेतून पाऊस आत येऊ नये म्हणून ती गवत फाकवून झालं की त्यावर एक इरलं उपडं बसवायची. भातलावणीला बाया डोक्यावरून पाठीवर घेतात ना, ते पानांचं इरलं. त्याची एक कड वर उचललेली ठेवायची. पाऊस वरून घसरून जाई आणि वाट मोकळी राही. दहावा झाला की इरलं काढायचं आणि गवत पसरून वाट बुजवून टाकायची. असं तिनं किती घरांचं केलं, त्याला मोजदाद नाही.

एका श्रावणात शिदबा नावाचा म्हातारा गेला. सकवारीनं वाट उघडली. घरात त्याची तान्ही नात होती आणि तिलाही भाता लागला होता. म्हाताऱ्याची सून रडत म्हणाली, "सकवारबाई, शिडी नेऊ नगासा. दोन दिसांत पुन्यांदा लागंल." सकवारीनं शिडी कुडाला टेकवून ठेवली. दोन दिवस गेले, चार गेले, शिडी तशीच उभी. इरलं हाललं का बघायला सकवार रोज तिकडे जाई, तर पाळण्यातली घुरघुर रोज थोडी कमीच. पुढे तर नात दूध पिऊ लागली, माणसं बघून पाय उडवू लागली. आजोबानं जाताना नातीचं दुखणं बरोबर नेलं, असं सगळे म्हणाले. सकवारही तेच म्हणाली. मग दहावा झाला, तिनं रिवाजाप्रमाणे वाट बुजवली आणि शिडी खांद्यावर टाकून घरी आणली.

आठवडा गेला न गेला तोच त्या घरून बोलावणं आलं. भाता पुन्हा लागला होता आणि या वेळी तो थांबला नाही. सकवार त्याच छपरावर, त्याच जागी पुन्हा चढली. तिनं आपल्याच हातानं पसरलेलं गवत आपल्याच हातानं फाकवलं. खाली धुमसणाऱ्या चुलीचा कोंडलेला धूर भस्सदिशी तिच्या तोंडावर आला. तिचे डोळे चुरचुरले, ठसका लागला, श्वास मिळेना. कशीबशी मान बाजूला करून ती तिथेच बसून राहिली. आयुष्यभर तिनं जिवांच्या वाटा उघडल्या होत्या, पण कुणाचा जीव वर जाताना तिला कधी दिसला नव्हता. धूर मात्र दर वेळी दिसला होता. खाली पोरीची आई ऊर बडवून रडत होती आणि वर सकवार रडत होती, असं म्हणतात. वाटसोडीला रडताना गावानं पहिल्यांदाच पाहिलं.

मग ती दारोदार जाऊन सांगू लागली, की तान्हं पोर असलेल्या घरांनी पावसाळाभर वाट उघडी ठेवावी. लोकांनी तिला वेड्यात काढलं, आणि त्यात त्यांचंही फार चुकलं असं नाही. जित्या पोराच्या डोक्यावर मरणाची वाट उघडायची, आणि ती वाटसोडीच्या हातून, हे कुठली आई कबूल करील? "मरान दार शोधतच असतंय," एक म्हातारी म्हणाली, "आन तू त्याला खिडकी काढून देतीस व्हय?"

सकवारीची मुलगी गिरजा गावातच दिली होती. तिच्या सासरचं आढं कारवटात सगळ्यांत काळं. वाटसोड्याची पोर म्हणून सासूनं, आंबूबाईनं, नाक मुरडलं होतं. पण गिरजा कामाला वाघ, आणि नवरा रावजी तिच्यावर जीव टाकणारा, त्यामुळे लग्न झालं. गिरजाचं पहिलं पोर भात्यानं गेलं. दुसरंही गेलं. दोन्ही वेळा त्यांच्या वाटा सकवारीनंच उघडल्या. आजीनं नातवंडांसाठी काय काय करावं, त्याला काही धरबंध आहे की नाही? पण ते तिच्या नशिबी होतं. शिदबाच्या नातीनंतरच्या पावसाळ्यात गिरजाला तिसरा मुलगा झाला आणि आषाढ सरता सरता त्यालाही भाता लागला.

कानावर आलं तशी सकवार शिडी आणि इरलं घेऊन निघाली. चांगली दुपार होती, पाऊस धो धो कोसळत होता. शिडी बघून गाव तिच्यामागे चालू लागलं. दारात आंबूबाई आडवी आली.

"शिडी कशाला आनलीस? कुनी बोलीवलं तुला?"

"कुनी न्हाई."

"मग माघारी फिर. आमच्यात कुनी मेलं न्हाई."

तेवढ्यात गिरजा पोराला छातीशी घट्ट धरून बाहेर आली. तिनं आईकडे पाहिलं, शिडीकडे पाहिलं आणि ती किंचाळली, "आये, माजं पोर जितं हाय! जित्याची वाट सोडाया आलीस? आय हायेस का वैरीन?"

गाव काय वाटेल ते बोललं तरी तिला काही होत नसे, पण हे तिला लागलं. पोराच्या बरगड्या आत जात होत्या, बाहेर येत होत्या, ते तिला तिथूनच दिसत होतं. जबरदस्तीनं वर चढली तर लोक ओढून खाली आणतील आणि वाट बुजवून टाकतील, हेही दिसत होतं. तिनं शिडी खाली ठेवली. मग ती उंबऱ्यावर बसली आणि म्हणाली, "इहीनबाई, मी पोराची वाट सोडाया आले न्हाई. मी मराया आलीया. मला चुलीपाशी जागा द्या."

आंबूबाईनं तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. बाई शिडी खांद्यावर घेऊन चढ चढून आली होती, अंगानं खणखणीत.

"तुला काय धाड भरलीया मरायला?" आंबूबाई म्हणाली.

"मला कळतंय," सकवार म्हणाली. "आन मला न्हाई कळनार तर कुनाला? माजा धंदाच त्यो."

रावजीनं धोंडू गुरवाला बोलावून आणलं. गावचे नियम त्याच्या तोंडी असत. गुरवानं बराच वेळ डोकं खाजवलं. शेवटी म्हणाला, "मराया आले म्हनलं की जागा द्यायची, असं हाय. तपासून घ्यायचं असं काय कुटं सांगितल्यालं न्हाई." नियम मोडून घरावर आफत ओढवून घ्यायची हिंमत आंबूबाईत नव्हती. ती दारातून बाजूला झाली. मरणाऱ्याला जागा दिली की वाट उघडायलाच हवी, आणि वाट उघडणारी गावात एकच. तेव्हा सकवार शिडीवरून वर गेली, तिनं आपली वाट आपल्या हातानं उघडली, वर इरलं बसवलं, खाली उतरली आणि चुलीजवळ घोंगडी टाकून आडवी झाली. पाळणा तिच्या उशाशी होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी शेजारणी डोकावल्या. "गेली का?" त्यांनी विचारलं.

"न्हाई अजून," आंबूबाई म्हणाली.

त्याच्या दुसऱ्या दिवशीही तेच. मग त्याच्याही दुसऱ्या दिवशी. पोराला दर वेळी धुरी द्यायला कोणी निखारा पुढे केला, की ही मरणारी म्हातारी डोळे न उघडता हात धरायची. "माजा जीव घाबरतोय, धूर नगं," म्हणायची. मरणाऱ्याचं मन मोडायचं नाही, म्हणून निखारा परत चुलीत जाई. जेवायच्या वेळेला मात्र ती उठून बसे. आंबूबाई भाकरी पुढे सरकवत पुटपुटे, "ही मराया आलीया का ऱ्हाया?" सकवार भाकरी मोडता मोडता सांगे, "मरनाऱ्याला भूक लागत न्हाई, असं मेल्यावर कुनी येऊन सांगितलंया का?"

पोर मात्र झटकन बरं झालं नाही. मधे दोन दिवस तर असे गेले, की सकवारीलाच आपलं चुकलं की काय असं वाटलं. तिनं पाळण्याची दोरी धरून ठेवली होती, सोडवली तरी सोडीना. लोक सांगतात, त्या दिवसांत यमाचा दूत खरोखरच त्या छपरावर आला होता. वाट तर उघडी होती, नेमात उघडलेली. पण तो आत उतरायला जाई तेव्हा घरभरचा धूर त्याच वाटेनं वर निघालेला असे. दूत डोळे चोळत, खोकत माघारी फिरे. असं बऱ्याचदा झालं आणि शेवटी तो कंटाळून पलीकडच्या डोंगरावर निघून गेला. आम्ही काही पाहायला नव्हतो. पण म्हणतात खरं.

मग एक दिवस गिरजा चुलीशी भाकऱ्या थापत होती आणि तिच्या एकदम लक्षात आलं, की घरात काही आवाज नाही. घुरघुर नाही. तिच्या हातातली भाकरी गळून पडली. पीठ लागलेल्या हातांनीच तिनं पाळण्यात वाकून पोराच्या नाकाशी कान नेला. पोर झोपलं होतं. पोट हलकेच वर येत होतं, हलकेच खाली जात होतं. गिरजानं वर पाहिलं. चुलीचा धूर सरळ वर चढून इरल्याच्या कडेखालून बाहेर पडत होता. तिनं आईकडे पाहिलं आणि ती तिच्या पायांवर डोकं ठेवून हमसून हमसून रडली.

"आये, मी तुला वैरीन म्हनले."

"म्हन की. कोंबडीबी पिलापाई घारीवर जाती."

"आये, तू मरू नगंस."

"मी कुटं मरतीया," सकवार म्हणाली. "येवडा पावसाळा सरू दे."

पावसाळा सरला. सकवार घोंगडी झटकून उठली आणि आपल्या घरी गेली. पोराचं नाव आजोबाचं ठेवलं, म्हादू. आता वाट बुजवायची की नाही? गुरवाला विचारलं. ज्याची वाट त्याचा दहावा झाल्याशिवाय बुजवायची नाही, गुरव म्हणाला, आणि हिचा तर अजून पहिला दिवसही झालेला नाही. म्हणून रावजीच्या घराची वाट उघडीच राहिली. वाटेभोवतीचं गवत दर वर्षी कुजायचं, ते बदलावं लागे. आढ्याच्या त्या टोकाची कणसं किडली, ती दुसरीकडे टांगावी लागली. आढं पुढेपुढे करडं पडलं. शेजारीण काही बोलली तर आंबूबाई तिच्यावरच खेकसायची, "गवात डोंगरात फुकट उगवतंय. पोरं उगवत्यात का?" ही तीच आंबूबाई बरं, जी शिडी बघून दारात आडवी आली होती.

दुसऱ्या वर्षी पाऊस तोंडावर आला तेव्हा शिदबाची सून सकवारीच्या दारात आली. तिला दिवस गेले होते. ती खाली मान घालून म्हणाली, "सकवारबाई, औंदा आमच्यात मराया याल नव्हं?" सकवार गेली. नेमाप्रमाणे वाट उघडली, नेमाप्रमाणे चुलीशी आडवी झाली, नेमाप्रमाणे मेली नाही. पोर जगलं. त्यानंतर तिला आमंत्रणांची रीघ लागली. जिला बारशाला कोणी बोलवत नसे, तिला मरायला बोलवण्यासाठी भांडणं होऊ लागली. "आधी आमच्यात," एक म्हणे. "तुजं पोर चालाया लागलंया, आमचं पाळन्यात हाय," दुसरी म्हणे. एका पावसाळ्यात तर ती तीन-तीन घरी मरणाला टेकलेली असायची. सकाळी एकीकडे, दुपारी दुसरीकडे. तिचे कान असे झाले होते, की गावाच्या एका टोकाला पोर घुरघुरलं तर तिला दुसऱ्या टोकाला कळायचं, असं म्हणतात. हळूहळू कारवटच्या सगळ्या छपरांवर इरली दिसू लागली. दरीपलीकडच्या गावांना वाटलं, कारवटला वेड लागलंय.

पण माणूस कितीही चिवट असला तरी माणूसच. म्हादू गुरं राखण्याएवढा झाला होता तेव्हा सकवार खरंच आजारी पडली. ती रावजीच्या घरीच होती. तिनं गिरजाला जवळ बोलावलं.

"गिरजे, ह्या वक्ताला खरं हाय."

गिरजा रडायला लागली.

"रडू नगंस, ऐक. मी गेले आन माजा दहावा झाला, की समद्या गावाच्या वाटा बुजवाया लागतील. समद्या माज्या नावाच्या हायेत. तवा माजा दहावा करू नगासा."

"आन तुजा जीव? त्यो सुटनार कसा? लटकून ऱ्हाईल की आढ्याला."

"ऱ्हाईना," सकवार म्हणाली. "मला काय उंचीचं भ्या हाय व्हय?"

त्यानंतर ती फार बोलली नाही. कोणी सांगतात, ती धुराबरोबर वर निघून गेली आणि घोंगडीवर तिचा वाळलेला गजरा तेवढा सापडला. म्हाताऱ्या वाटसोडीनं गजरा कशाला घातला असता, हे मात्र ते सांगत नाहीत. बाकीचे सांगतात, की ती चारचौघांसारखीच गेली आणि गावानं तिला चांगलं लाकूड घालून जाळलं. मला हेच खरं वाटतं.

आता गावापुढे पेच पडला. दहावा करावा तर वाटा बुजणार आणि पुढचे पावसाळे पोरांना नेणार. न करावा तर जिनं एवढी पोरं राखली, तिच्याच जिवाला गती नाही. गुरव म्हणाला, नियम म्हणजे नियम. गिरजाला सगळे विचारू लागले, कारण लेक तीच. आईनं सांगितलेलं गिरजाला आठवत होतं, पण आईचा जीव पावसापाण्याचा आढ्याला लोंबकळत राहणार, हे तिला सोसवेना. मरायला येऊन आईनं आयुष्य काढलं. निदान मेल्यावर तरी तिला सुटू दे, असं तिला वाटलं. दहाव्या दिवशी ती ओढ्यावर गेली. भात शिजवला. सकवारीला मुलगा नाही, म्हणून लेकीच्या मुलानं, म्हादूनं, पिंड वाहायचा होता. सगळं गाव जमलं. झाडांवर कावळे येऊन बसले. गुरवानं भाताचा गोळा म्हादूच्या हातावर ठेवला.

गिरजानं मागे वळून गावाकडे पाहिलं. प्रत्येक छपरातून धूर वर चालला होता. इतके दिवस रोज दिसत होता, पण ओढ्यावरून गाव एकत्र दिसतं. पोराटोरांनी भरलेलं गाव. तिनं म्हादूच्या हाताला धरलं.

"खा," ती म्हणाली.

"अगं, काय करतीस!" गुरव ओरडला. "पिंड हाय त्यो!"

"वाहिला न्हाई तवर भातच हाय," गिरजा म्हणाली. "जित्या मान्साचा पिंड पाडत न्हाईत. माजी आय मेली न्हाई. मराया टेकलीया, इतकंच."

म्हादू घाबरला होता, पण आईचा चेहरा बघून त्यानं घास घेतला. म्हातारी आंबूबाई काठी टेकत पुढे आली. "मलाबी दे रे चिमूटभर," म्हणाली. "सकाळपास्नं उपाशी हाय मी. सकवार उठंल मग रागं भरंल." मग एकेकानं थोडा थोडा भात खाल्ला. पोरांनी पातेलं निपटून काढलं. कावळे बराच वेळ वाट बघून उडून गेले.

गिरजानं स्वतः पुढे पुष्कळ वर्षं काढली. आपण आईला सोडवलं नाही याचं तिला शेवटपर्यंत वाईट वाटायचं आणि ती ते बोलूनही दाखवायची. पण वाट तिनं कुणाला बुजवू दिली नाही.

आता कारवटात गवताची छपरं उरली नाहीत. गाडीरस्ता वर आला, त्याबरोबर पत्रे आले, स्लॅब आले, गॅसची टाकी आली. तरी नवं घर बांधताना चुलीच्या जागेवर वर वाट ठेवतात. बाहेरचा गवंडी विसरला तर मालकीण त्याला खाली उतरू देत नाही. या वाटेला सकवारीची वाट म्हणतात. तान्हं असलेल्या घरात पावसाळ्यात चुलीपाशी एक घोंगडी अंथरलेली असते. आणि भाद्रपदातल्या सर्वपित्रीला, सगळ्या मेलेल्यांसाठी पानं वाढून कावळ्यांना हाका मारतात तेव्हा, सकवारीचं पान बाहेर ठेवत नाहीत. तिचं ताट घरात, सगळ्यांच्या पंगतीत वाढतात. भात, वरण, वर तुपाची धार. ते घरातलं सगळ्यांत धाकटं पोर खातं.